मंदाग्नी आणि दिवाळीचा चिवडा

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके मुख्यतः पावसाच्या पाण्यावरील भातशेतीचे असल्यामुळे तेथील दिवाळी ही केवळ पंचांगातली तिथी नसून हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, भाताच्या कापणीशी बांधलेली असते. आणि फराळाच्या ताटात चकली-करंजीशेजारी येणारा चिवडा हे त्या भाताचेच चेपलेले किंवा फुलवलेले रूप असते. घरातील एखाद्याचे पोट नाजूक झाले, तिखट-तळकट सोसेनासे झाले आणि त्याच्यासाठी चिवड्यातील मिरची, लसूण, शेंगदाणे, तेल यांना कात्री लावावी लागली, तर तो प्रश्न वरकरणी फक्त स्वयंपाकाचा दिसतो. परंतु फराळाचा पहिला वाटा देवापुढे ठेवल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही अशी जेथे रीत आहे, तेथे त्यातून आणखी एक प्रश्न निघतो: आजाऱ्याच्या मापाने बेतलेला पदार्थ नैवेद्य म्हणून चालतो का, की देवासाठी आणि निरोग्यांसाठी एक डबा आणि दुखणेकऱ्यासाठी दुसरा, अशी वाटणी करणेच धर्माला धरून होईल?

वाटणीच्या बाजूने बोलणाऱ्याकडे आधार नाही असे नाही. भागवताच्या एकादश स्कंधात, जे जे जगात अधिक प्रिय आणि स्वतःला अत्यंत आवडते ते ते भगवंताला अर्पण करावे, असा उपदेश आहे. आणि चुरचुरीत, खमंग चिवडा घरात आवडत असताना देवापुढे मिळमिळीत ठेवणे ही हातचलाखी ठरेल, असा त्यावरून युक्तिवाद करता येतो. मात्र वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडातील एक प्रसंग याच्या विरुद्ध टोकाला उभा आहे. पित्याच्या निधनाची वार्ता कळल्यावर मंदाकिनीच्या तीरावर राम जो पिंड देतो तो तांदळाचा नसून इंगुदीच्या, म्हणजे हिंगणबेटाच्या, पेंडीत बोरे कालवून केलेला आहे, आणि तो देताना माणूस जे अन्न खातो तेच त्याच्या देवतांचे अन्न असते, असे तत्त्व तो सांगतो. अयोध्येच्या राजाला वनातली पेंड चालत असेल, तर दुखण्याने जे अन्न घराचे झाले ते घराच्या देवाला चालू नये, असे म्हणणे अवघड आहे.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात ईश्वर प्राण्यांच्या देहात वैश्वानर, म्हणजे जठरातील अग्नी, होऊन अन्न पचवतो असे सांगितले आहे, आणि जेवण म्हणजे पोटातील अग्नीला दिलेली आहुती या कल्पनेला परंपरेत प्राणाग्निहोत्र म्हणतात. मंद पेटलेल्या होमात ओली लाकडे रचणाऱ्याला कोणी श्रद्धाळू म्हणत नाही. देव्हाऱ्यातील देवाला तिखट दाखवून तेच जठरातील देवावर लादायचे, यात भक्तीपेक्षा विसंगतीच अधिक आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा परिणाम ज्या आठ गोष्टींवर अवलंबून असतो त्या सांगितल्या आहेत. द्रव्याची प्रकृती आणि तिच्यावर केलेली प्रक्रिया यांपासून सुरुवात होते आणि शेवटची गोष्ट उपयोक्ता, म्हणजे खाणारा माणूस, ही आहे. प्रक्रियेला तेथे संस्कार म्हटले असून, द्रव्यात नवा गुण आणणे हा त्याचा अर्थ दिला आहे. भाताच्या बाबतीत हे डोळ्यांनी दिसते. साळ भिजवून, खापरात भाजून, गरम असतानाच उखळात कांडली की तिचे पोहे होतात, आणि तीच कोरडी साळ तापलेल्या वाळूत टाकली की तडतडून फुटते व टरफल बाजूला पडून पांढरीशुभ्र लाही वर येते. दाणा एकच, पण चरकाच्या मते पोहे जड आणि लाह्या हलक्या, इतक्या हलक्या की लाह्यांची पेज आजाऱ्यासाठी सांगितली आहे. आता लक्ष्मीपूजनाच्या पाटासमोर काय ठेवतात ते आठवावे: साळीच्या लाह्या आणि बत्तासे. म्हणजे दिवाळीच्या मुख्य पूजेत देवीपुढे जे असते ते दुखणेकऱ्याचेच अन्न आहे, आणि चिवड्यात पोह्यांची जागा निम्म्याने लाह्यांना दिली तर परंपरा सोडल्यासारखे न होता तिच्याकडे वळल्यासारखेच होते.

‘मूळ’ चिवडा बिघडतो ही तक्रारही फारशी टिकत नाही. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडातील पिके असून पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच ती इकडे पोचली. काजूची कथाही तीच. ज्यांच्यावाचून चिवडा चिवडाच नव्हे असे वाटते, ते सोबती या मातीला तसे नवखे आहेत.

तथापि पथ्याच्या नावाखाली तेलाचा थेंबही न घालता कोरडे कुरमुरे भाजणे हीच सात्त्विकता, हा अलीकडचा समज तपासून घ्यावा लागतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातील राजस आहाराच्या यादीत तिखट, आंबट, खारट यांच्याबरोबर रूक्ष, म्हणजे कोरडेठाक, हाही शब्द आहे, आणि सात्त्विक आहाराच्या वर्णनात स्निग्ध हा शब्द आहे. म्हणून पातळ पोहे उन्हात तापवून मंद आचेवर भाजावेत, आणि फोडणी पळीभर तेलाचीच पण खरी करावी: जिरे, हिंग, कढीपत्ता, हळद. लसणाच्या पाकळ्या तेलात परतून, वास उतरला की काढून टाकाव्यात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात आतड्याच्या तक्रारींसाठी विकसित झालेल्या आहारपद्धतीनुसार लसणातील पोट फुगवणारे फ्रुक्टान हे कर्बोदक पाण्यात विरघळते, तेलात उतरत नाही, त्यामुळे वास राहतो आणि त्रास टळतो. (बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, हे ज्याला गहू सोसत नाही त्याने पाहून घ्यावे.) डाळे मूठभरच, आणि लिंबूसत वगळलेले बरे.

उरतो दोन डब्यांचा प्रश्न. धर्मशास्त्रात एका पंक्तीतील माणसांना वेगवेगळे वाढण्याला पंक्तिभेद म्हणतात आणि तो दोष मानला आहे. त्या दोषाचे मूळ पदार्थाच्या फरकात नसून वाढणाऱ्याच्या मनातील उच्चनीचतेत आहे, हे मान्य केले तरी दिवाळीच्या सकाळी सगळ्यांपुढे एक ताट आणि एकापुढे वेगळी वाटी आली की तो माणूस मनाने पंक्तीतून उठतोच. यावर सोपा मार्ग असा की मोठा डबा सौम्य चिवड्याचाच भरावा, नैवेद्य त्यातला काढावा, आणि तळलेल्या मिरचीचे तुकडे व शेंगदाणे निराळ्या वाटीत ठेवून ज्याला हवे त्याने वरून घ्यावेत. वेगळी वाटी मग तिखट खाणाऱ्याची होते.

प्रमाणाचे पथ्य मात्र सर्वांनाच आहे. जेवण झाल्यावर पोहे खाऊ नयेत, भूक असताना मापाने खावेत, असे चरक सूत्रस्थानात बजावतो, आणि येताजाता डब्यात हात घालणाऱ्या घरात हे पाळणे मिरची सोडण्याहून कठीण असते. लोकांत सुदामा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्राह्मणाची कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे: बायकोने शेजारून मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यात बांधून तो द्वारकेला जातो, कृष्ण त्यातली एक मूठ खातो, आणि दुसरी तोंडाकडे नेताना रुक्मिणी त्याचा हात धरते. एका मुठीतच इहपरलोकीचे सारे ऐश्वर्य देऊन झाले, असे ती सांगते. त्या चार मुठींत मिरची नव्हती, तेल नव्हते, आणि खाल्ली गेली ती एकच मूठ.