मिसर देशाची वाट



नाताळचा गोठा अजून तसाच आहे, दारावर चांदणी लटकते आहे आणि आज पवित्र कुटुंबाच्या सणाला शुभवर्तमान आपल्याला घर सोडून निघालेल्या तिघांची हकिगत सांगते. हेरोद बाळाच्या जिवावर उठला आहे असे देवदूत योसेफाला स्वप्नात सांगतो आणि योसेफ रात्रीच उठून बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशाची वाट धरतो. संत मत्तय यांनी हे मोजक्या ओळींत उरकले आहे. मिसरमध्ये योसेफाला काम कोणी दिले, भाषा कशी जमली, याबद्दल एक शब्द नाही. ज्ञानी लोकांनी दिलेले सोने प्रवासखर्चाला उपयोगी पडले असावे, असे जुने प्रवचनकार सांगत. शुभवर्तमानात तसे काही नाही. पण एजंटाचे पैसे भरायला ज्यांनी पाटल्या मोडल्या आहेत, त्यांना ते सहज पटेल.

हे आज मुद्दाम लिहीत आहोत, कारण या वर्षभरात आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे आली. घरातील मुलगी किंवा सून नर्स आहे. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले आहे, हाताशी अनुभव आहे. इंग्लंडला, जर्मनीला, आखातात जागा आहेत असे कळते. फादर, जावे का? आणि गेलो तर पोरांचे काय?

घर सोडून जाणे रत्नागिरीला नवे नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली आणि २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया भरल्या. पुरुष मुंबईला किंवा आखातात, आणि घर, म्हातारी माणसे व कलमे राखायला बाई, असा हा हिशेब. नर्सिंगने तो उलटा केला. आता बोलावणे बाईला येते आणि नवरा तिच्या व्हिसावर आश्रित म्हणून जातो. आमच्या मते खरी अडचण येथेच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. बायको रात्रपाळीला गेल्यावर भात लावायचा, मुलांना शाळेत सोडायचे, आणि इथे गावात चार माणसे मान देत असताना तिथे मिळेल ते काम धरायचे, हे आपल्या पुरुषांना जड जाते. संत योसेफ मिसरला स्वतःच्या सुतारकामाची भरभराट व्हावी म्हणून गेला नव्हता. दुसऱ्याला आलेल्या हाकेसाठी त्याने आपले दुकान बंद केले. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही, हेही पुरुषमंडळींनी ध्यानात घ्यावे!

आता थोडे व्यवहाराचे. एजंट 'नर्सिंग' आणि 'केअर' हे दोन्ही शब्द एकाच तोंडाने बोलतो. ते एक नव्हेत. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करला पती, पत्नी वा मुले सोबत आणण्यास मनाई केली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअर वर्कर घेणेच बंद केले. नोंदणीकृत नर्सला मात्र कुटुंब नेता येते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची लेखी परीक्षा आणि तिथे पोहोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा, असा रस्ता आहे. या मार्गाला आडवाट नाही. भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेऊ नयेत, असा ब्रिटनचा स्वतःचा दंडक आहे. आपल्याकडेही नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. असे असताना लाखांत आकडा सांगणाऱ्या माणसाने एका कुटुंबाकडे कलमांच्या बागेचा सातबारा मागितला. त्यांनी तो दिला नाही, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो.

कर्ज काढून गेलेल्याचे पाय कसे बांधले जातात, हे २०१४ साली इराकमधील तिक्रितच्या रुग्णालयात अडकलेल्या ४६ भारतीय नर्सेसनी दाखवून दिले. बाहेर बंदुका चालू असतानाही त्यांतील काहीजणींना रिकाम्या हाताने परतण्याची भीती वाटत होती, कारण घरी शिक्षणाचे आणि प्रवासाचे कर्ज उभे होते. जुलैमध्ये त्या सुखरूप कोचीला उतरल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात जाण्याच्या स्वातंत्र्याबरोबर राहण्याच्या स्वातंत्र्याचाही आग्रह धरला, तो आम्हाला याच ठिकाणी आठवतो. सावकाराने ढकललेले पाऊल स्वतंत्र म्हणता येईल का?

ख्रिस्तसभा जाणाऱ्याला अडवत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जे पत्र काढले, त्याची सुरुवातच मिसरमधील पवित्र कुटुंबापासून होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कामाविषयीच्या विश्वपत्रात देश सोडण्याचा आणि परत येण्याचा, दोन्ही हक्क मान्य केले. कामाला येणारी व्यक्ती भांडवलाच्या हिशेबात केवळ साधन ठरू नये, असेही बजावले. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, तेव्हा जो तो 'कुशल मनुष्यबळ' हा शब्द वापरू लागला. शब्द सोयीचा आहे. परंतु बळ तेवढे मागवले आणि मनुष्य मागे ठेवला, असे होता कामा नये. मनुष्याला मूल असते, सासू असते, रविवार असतो.

सासूचा विषय निघालाच आहे. आपल्या नर्सेस परदेशात परक्यांच्या आई-वडिलांना आंघोळ घालतात, औषध देतात, शेवटच्या क्षणी हात धरतात. चांगल्या शोमरोन्याचे हे काम आहे. पण त्यांच्या स्वतःच्या घरी, इथे, गुडघेदुखीने जिना न उतरणारी आई फोनची वाट पाहते. संत थॉमस अक्विनास यांनी प्रेमालाही क्रम असतो, जे आपल्या अधिक जवळचे त्यांचे आपल्यावर अधिक ऋण, असे मांडले आहे. हे वाक्य सुनेच्या तोंडावर फेकण्यासाठी कृपया वापरू नका. मुलगाही तेवढाच जवळचा असतो. आणि तो शोमरोनीदेखील जखमी माणसाजवळ बसून राहिला नाही. त्याने धर्मशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, परत येण्याचा शब्द दिला आणि पुढे गेला. धर्मशाळेचा मालक व्हायला मागे कोणीतरी लागते. ते आपण, हे धर्मग्राम.

मुलांबाबत मात्र आम्ही स्पष्ट मत देतो. एक-दोन वर्षे आई एकटी पुढे जाऊन जम बसवील, इथपर्यंत समजू शकतो. त्या मुदतीचा महिना आणि वर्ष घरात सर्वांसमक्ष ठरलेले असावे. पाच-सात वर्षे मूल आजीकडे आणि आई व्हिडिओ कॉलवर, याला आम्ही संमती देणार नाही, मग पगार कितीही असो. आणि मुलांना सोबत नेले तर ती तिथलीच होतील, हेही धरून चला. थिबा राजाला १८८६ साली कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवले. तो १९१६ मध्ये येथेच वारला, कुटुंब पुढे ब्रह्मदेशी परतले. पण थोरली राजकन्या पुन्हा आपल्या या गावी आली आणि तिची मुलगी टुटू मराठी बोलत येथेच म्हातारी झाली. माती मुलांना धरते. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना पत्र लिहून तिथे घरे बांधायला, बागा लावायला आणि त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला सांगितले होते, ते याच कारणाने. तेथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात दुकान शोधाल, तसे चर्चही शोधा. सायंकाळची प्रार्थना मराठीत म्हणा. मुले उत्तर इंग्रजीत देतील, देऊ द्या.

जाण्याचे ठरलेल्यांनी मुलांचे बाप्तिस्म्याचे व आपल्या विवाहाचे दाखले आधीच कार्यालयातून घ्यावेत. इंग्लंडमधील कॅथलिक शाळा प्रवेशाच्या वेळी बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. सही करण्यापूर्वी करारपत्र कोणाला वाचून हवे असल्यास मिस्सानंतर घेऊन यावे. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वृद्धांनी, किंवा त्यांच्या शेजाऱ्यांनी, आपली नावे वाडीसह कळवावीत. युवक मंडळ नवीन वर्षाच्या पहिल्या शनिवारपासून औषध आणणे, बँकेत सोबत जाणे आणि रविवारी रिक्षा पाठवणे ही कामे वाटून घेणार आहे. तीन घरांची नावे आमच्याकडे आली आहेत. याहून कितीतरी अधिक असावीत.

आपले धर्मगुरू