तो चमचा खाली ठेव

बस. मोबाइल टेबलावर उलटा ठेव. चहा नंतर.

मंगळवारी मी दाढ दाखवायला गेले आणि दुपारच्या जेवणाला केंद्रावर नव्हते. तेवढ्यात तू काय पराक्रम केलास, तो संध्याकाळी तुझ्याच स्टेटसवर पाहिला. तू उभा, तुझ्याकडे सोपवलेला माणूस खुर्चीत. तुझ्या हातात डाळभाताचा चमचा, त्याचं तोंड उघडं. खाली हात जोडल्याचं चित्र आणि ‘निरागस लेकराची सेवा’. वर बदामांचा पाऊस.

लेकरू? तो 36 वर्षांचा आहे, तू 22. एक दिवसाआड त्याची दाढी करायला तूच बसतोस ना? लेकरांना दाढी येते होय रे तुमच्याकडे? साताऱ्याला मोठ्या भावाला दादा म्हणतोस, इथे भैया म्हण. हे लखनौ आहे बाबा, इथे शेंबड्या पोरालाही ‘आप’ म्हणतात. सदर बाजारात रिक्षावाल्याशी तू किती अदबीने बोलतोस ते ऐकलंय मी. आणि याला? ‘ए बच्चा, मुँह खोल.’

फोटो काढायची परवानगी कोणाची घेतलीस? आईची, म्हणतोस. त्याला विचारलंस का? मान हलवून हो-नाही सांगतो तो, आणि ‘नाही’ तर फार स्पष्ट सांगतो. बरं, आईची म्हणशील तर तेही नीट समजून घे. 18 वर्षं पूर्ण झाली की असा माणूसही कायद्याने सज्ञान होतो. पुढे पालकत्व हवं असेल तर नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. एवढं सगळं तू वर्गात लिहून घेतलंयस, अक्षरही छान आहे. वही उघडतोस का कधी?

आता हाताकडे ये. त्याचा उजवा हात मनगटात वळतो, बोटं आवळली जातात. सेरेब्रल पाल्सी म्हणजे एवढंच नव्हे, पण जेवणाच्या वेळी एवढंच पुरतं. त्या चमच्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, तो कशासाठी? बारीक दांडा त्याच्या मुठीत फिरतो म्हणून. ताटाखाली ओला पंचा असतो, ताट सरकू नये म्हणून. ताट काठाचं, म्हणजे भात काठाला अडून चमच्यात चढतो. यातलं एकही विकत आणलेलं नाही, बसून-बसून सुचलंय. आणि शिकवलं ते उलट्या बाजूने. पहिल्यांदा चमचा भरणं, उचलणं सगळं आपल्या हाताने, त्याचा हात आत धरून, आणि ओठांपाशी आल्यावर आपण सोडायचं. शेवटची दोन बोटं अंतर त्याचं. ते जमलं की हनुवटीपासून सोडायचं, मग छातीपासून, मग ताटापासून. शेवट त्याच्या हातून होतो, म्हणून घास त्याचा असतो. 14 महिने लागले. पहिल्यांदा अख्खं ताट एकट्याने संपवलं तेव्हा वडील इथेच उभे होते. निवृत्त सुभेदार, शिस्तीचे. म्हणाले, ‘मॅडम, आधा तो गिर गया.’ मी म्हटलं, साहेब, आधा गया तो पेट में.

हे जेवण 40 मिनिटं चालतं. तू 8 मिनिटांत उरकलंस आणि वर भांडी लवकर घासून झाली म्हणून मावशींची शाबासकी घेतलीस.

बुधवारी काय झालं माहीत आहे? तुझी सुट्टी होती. मी ताट वाढलं, चमचा हाताशी ठेवला. तो चमच्याकडे बघेचना. तोंड उघडून बसला. मिनिटभर, दोन मिनिटं, डाळ गार होईपर्यंत तसाच. 14 महिन्यांच्या कामाचं तू एका दुपारी हे केलंस.

आणि उभं राहून भरवायला कोणी शिकवलं? माणूस उभा राहून भरवायला लागला की बसलेल्याची मान वर जाते, आणि मान वर गेली की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जायची भीती वाढते. अशांतल्या अनेकांना खोकलाही नीट येत नाही, आतल्या आत घास फुप्फुसात जातो आणि मग ताप चढतो. आणि आपण म्हणायचं, लखनौची थंडी बाधली. ज्याला भरवावंच लागतं त्याच्यासमोर बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, हनुवटी किंचित खाली. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.

रजिस्टर आण इकडे. वाच मोठ्याने. ‘आज चिडचिड केली. हट्टीपणा.’ संपलं? कशावरून चिडला, त्याआधी काय घडलं, तू काय केलंस, मग तो कशाने थांबला? गेल्या वर्षी एक ताई रोज स्वतःच्या गालावर थपडा मारायची. तीन आठवडे सगळ्यांनी ‘हट्टी’ लिहिलं, लिहिणाऱ्यांत मीही होते, लाज वाटते सांगायला. अक्कलदाढ किडली होती. तिला ‘दुखतंय’ म्हणता येत नव्हतं, ती दाखवत होती. तुझ्या भैयाची ती चिडचिड मंगळवारी दुपारी दोनची आहे. जेवणानंतरची. आता लाव हिशेब.

पगार तुटपुंजा आहे, माणसं कमी आहेत, 12 जणांमागे तुम्ही तिघं. यासाठी मी वर भांडते आहे, पुढेही भांडेन, ते माझं काम. तो राग भैयाच्या ताटावर काढायचा नाही.

तुझे वडील फौजेत आहेत, तुला बदली म्हणजे काय ते ठाऊक आहे. दर दोन-तीन वर्षांनी नवं क्वार्टर, नवी शाळा, नवी भाषा. तू रडून-रडून सावरलास, मित्र केलेस. याने तसल्या सहा बदल्या काढल्यात, आणि दर वेळी नव्या गावात याला बाथरूमची कडी नव्याने शिकावी लागली. छावण्यांमधून सैनिकपत्नींच्या कल्याण संघटनेच्या आशा शाळा आहेत, लखनौलाही आहे, लहानपणाची सोय होते. पण शाळा संपते, माणूस संपत नाही. निवृत्तीनंतर कुटुंब इथेच राहिलं, मोठं हॉस्पिटल जवळ म्हणून. आता आई सत्तरीची. ‘आमच्यानंतर काय’ हा एकच प्रश्न त्या घरात आहे. तिकडे बदलापूरला याच प्रश्नापायी पालकांनी एकत्र येऊन ‘आधार’ उभं केलं, मोठ्या झालेल्या मुलामुलींना जन्मभर राहता यावं म्हणून. जागा मिळते, पलंग मिळतो. पण ज्याला आपल्या हाताने जेवता येतं तो कुठेही थोडा मोकळा राहतो, आणि ज्याला भरवावं लागतं तो भरवणाऱ्याच्या मर्जीवर. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ताब्यातल्या माणसाला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. त्याचा हात नाकारण्याचं कलम त्यात नाही, म्हणून तू माझ्यासमोर बसलायस.

रडू नकोस. रडलास म्हणून मी काही कमी बोलणार नाही.

ते स्टेटस आत्ता काढ, माझ्यासमोर. ज्यांनी बदाम पाठवले त्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. त्याच्या आईला फोन मी करणार नाही, तू करशील. उद्या साडेबाराला त्याचं ताट तूच वाढायचं. पंचा ओला करून खाली, पाणी डाव्या हाताशी, चमचा उजव्या. चमचा भरून त्याचा हात ओठांपर्यंत न्यायचा आणि दोन बोटांवर सोडायचं, पुन्हा पहिल्यापासून. समोर खुर्ची घेऊन बसायचं. तो तोंड उघडून बसला तर आपले हात मागे. किती वेळ, असं मला विचारू नकोस. भांडी मी घासेन.