हात पारखणारे डोळे

शिकाऊ सर्जनचा हात मोजणारी सॉफ्टवेअर आता विकायला आहेत. शस्त्रक्रियेचा व्हिडिओ दिला की हात किती फिरला, किती वेळा अडखळला, टाका घालायला किती सेकंद लागले याचा हिशेब होतो आणि शेवटी एक आकडा येतो. त्यांची जाहिरात ठरलेली असते: यात कुणाची मर्जी चालत नाही. अनेक प्रशिक्षणकेंद्रांत भरल्या जाणाऱ्या खुणांच्या याद्याही (सुई काटकोनात शिरली का, गाठीला पुरेसे फेरे दिले का) याच भरवशावर चालतात. वरिष्ठांचे मत जितके वगळावे तितके मोजमाप खरे, अशी ही समजूत आहे. तिला आधार म्हणून ज्या संशोधनाचे नाव घेतले जाते, त्याचा निष्कर्ष मात्र उलटा होता.

रुग्णाला हात लावण्याआधी सराव हवा, हा विचार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्यासाठी ‘योग्या’ सांगितल्या आहेत: कापण्यासाठी दुधी, कलिंगड, काकडी, शिवण्यासाठी जाड कापड आणि मऊ कातडे, शीर वेधण्यासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. सराव पुरेसा झाला हे कसे ओळखायचे, ते गुरूच्या नजरेवर सोडलेले दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हालस्टेडने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रेसिडेन्सी रुजवली, तेव्हाही हा भाग तसाच राहिला. मुदत ठरलेली नव्हती. प्रमुखाला माणूस तयार वाटला की तो तयार. भारतातल्या युनिटांमध्ये ‘सर केस देतात’ किंवा ‘देत नाहीत’, ही भाषा याच परंपरेतली.

मर्जीवर उतारा म्हणून पुढे मोजणी आली. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या रेसिडेन्टला आज किमान ८५० मोठ्या शस्त्रक्रिया दाखवाव्या लागतात. ब्रिटनमध्ये १,६०० नोंदींचा दंडक रूढ झाला. भारतातल्या लॉगबुकात पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली, स्वतंत्र केली अशा वर्गवारीने केसेस भरल्या जातात. आकडा अनुभव सांगतो. हात कसा चालला याबद्दल तो काही बोलत नाही. दोनशे हर्निया ढोबळपणे केलेल्याचे आणि नेटकेपणाने केलेल्याचे लॉगबुक सारखेच दिसते.

ही उणीव दोन कारणांनी उघडी पडली. एक, कामाचे तास घटले: अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा, युरोपात ४८ तासांची. भरपूर राबला म्हणजे आपोआप शिकला, हे गृहीत धरता येईना. दोन, ब्रिस्टल. तिथल्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची चौकशी केनेडी समितीने केली आणि २००१ मध्ये अहवाल दिला. ठपका आलेले सर्जन शिकाऊ नव्हते, पदावर स्थिरावलेले होते. पण निकालांवर नजर कोण ठेवतो, हा प्रश्न त्यानंतर कुणालाच टाळता आला नाही. लंडनच्या मार्क डी लेव्हालने तो स्वतःला आधीच विचारला होता. नवजात बालकांच्या हृदयातील मोठ्या धमन्या अदलाबदल करण्याच्या आपल्या १०४ शस्त्रक्रियांचे निकाल त्याने कारखान्यातल्या गुणवत्ता-तपासणीच्या पद्धतीने मांडले आणि अपयशांचा पुंजका कुठे लागला ते १९९४ मध्ये जाहीरपणे छापले. इतके धाडस या व्यवसायात क्वचितच दिसते.

सर्वांत जास्त चुकीचे वाचले गेलेले वळण टोरांटोचे आहे. रिचर्ड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तांत्रिक कौशल्याची एक रचनाबद्ध परीक्षा प्रसिद्ध केली. ‘ओसॅट्स’ या नावाने ती जगभर गेली. साचा हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडीत सुरू केलेल्या परीक्षेचा. रेसिडेन्ट ठरावीक वेळाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. कुठे त्वचेवरची गाठ काढायची, कुठे आतडे हाताने जोडायचे, कुठे महाशिरेचा रक्तस्राव थांबवायचा. सगळे प्रतिकृतींवर. प्रत्येक टेबलाशी एक सर्जन परीक्षक. त्याच्याकडे दोन कागद असत. एकावर पायऱ्यांची यादी, केले की खूण. दुसऱ्यावर सात बाबी: ऊतींना किती जपून हाताळले, हालचालींत काटकसर होती का, हत्यार कसे चालवले, हत्यारांची माहिती किती, मदतनिसाचा उपयोग कसा करून घेतला, कामाला ओघ होता का, प्रक्रियेची जाण किती. प्रत्येकीला एक ते पाच गुण, परीक्षकाच्या मतानुसार.

अपेक्षा अशी होती की यादी भरवशाची ठरेल आणि मत डळमळीत. घडले उलटेच. ग्लेन रेगर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दोन्ही कागदांची तुलना छापली. जाणकारांनी दिलेले समग्र गुण एका टेबलापासून दुसऱ्यापर्यंत अधिक सुसंगत होते आणि नवखा व मुरलेला यांतला फरक अधिक चांगला पकडत होते. सोबत यादी दिल्याने त्या गुणांत काही भर पडत नव्हती. याचे कारण थिएटरात वावरलेल्या कुणालाही कळेल. यादीत सगळ्या पायऱ्या सारख्या वजनाच्या असतात. आतड्याला चिमटा दाबून धरणारा रेसिडेन्टही सर्व खुणा मिळवतो. शिवाय मुरलेला सर्जन कित्येकदा पायऱ्या गाळतो किंवा त्यांचा क्रम बदलतो, आणि यादीच्या लेखी तिथे त्याचे गुण कापले जातात.

मग टोरांटोने बदलले काय? परीक्षकाचे मत तिथे कायम राहिले. बदलली ती मत देण्याची परिस्थिती. सर्वांना तेच काम, तितकाच वेळ. एकाऐवजी अनेक परीक्षक, अनेक कामे. बोलण्याची चलाखी किंवा वॉर्डातला राबता यांवर नाही, समोर चाललेल्या हातावर गुण. जुन्या पद्धतीत दोष मताचा नव्हता. एकाच माणसाचे, ओळखीतून बनलेले, कधीच न तपासलेले मत चालत होते, हा दोष होता. हा फरक पुसला गेला आणि जगभरच्या महाविद्यालयांनी टोरांटोकडून नेमका कमी कामाचा कागद उचलला. त्यात आश्चर्य नाही. यादी भरायला मुरलेला सर्जन लागत नाही, आणि त्याचा वेळ महाग असतो.

मताची ताकद पुढे रुग्णांच्या निकालांतही दिसली. मिशिगनमध्ये बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांकडून प्रत्येकी एक व्हिडिओ मागवला. नाव न सांगता तो किमान दहा समव्यवसायींना दाखवला. गुण ओसॅट्सच्याच धर्तीवर दिले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत तळाच्या चतुर्थांशातील सर्जनांच्या १४.५ टक्के रुग्णांना गुंतागुंती झाल्या, वरच्या चतुर्थांशात ५.२ टक्के. म्हणजे अनोळखी डोळ्यांनी एकेक व्हिडिओ पाहून दिलेला कौल शेकडो रुग्णांच्या वाट्याला काय येईल हे सांगत होता.

यंत्रांचा दावाही याच प्रकाशात तपासावा लागतो. स्वयंचलित मूल्यमापनाच्या संशोधनात फार वापरला जाणारा एक संच, ‘जिगसॉज’, जॉन्स हॉपकिन्समधून आला. त्यात रोबोटिक हत्यारांनी टाके घालणाऱ्या आठ जणांच्या हालचाली आहेत. त्यांच्या कौशल्याचे गुण एका अनुभवी सर्जनने ओसॅट्सच्या धर्तीच्या मापाने दिले. त्या गुणांवर पोसलेला प्रोग्राम ते मतच शिकतो. तो वेगवान असेल, थकत नसेल. मर्जीपासून मुक्त आहे असे म्हणणे मात्र खोटे आहे, कारण एकाच माणसाची मर्जी त्यात गोठलेली आहे.

विश्वास टाकण्याच्या कल्पनेने गेल्या वीस वर्षांत या मताला उघड जागा दिली. उट्रेख्टच्या ऑले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेला प्रश्न साधा आहे: हे काम याच्यावर किती देखरेखीखाली सोपवता येईल? अमेरिकेच्या सर्जरी बोर्डाने २०२३ पासून जनरल सर्जरीची १८ कामे ठरवून प्रत्येकावर वारंवार, वेगवेगळ्या शिक्षकांकडून, केस संपताच हाच कौल मागायला सुरुवात केली. ‘सर केस देतात’ हेच झाले, फक्त ते लेखी आणि एकाहून अधिक सरांचे.

भारतातल्या एम.एस.च्या परीक्षेत बराचसा वेळ केस मांडण्यात आणि टेबलांवरच्या तोंडी परीक्षेत जातो. हत्यार ओळखून त्याचे उपयोग सांगणे उमेदवाराला चांगले जमते, ते चालवताना त्याला फारसे कुणी पाहत नाही. कसायाकडून आणलेले आतडे, सुई-धागा, एक घड्याळ आणि दुसऱ्या युनिटांतले तीन-चार परीक्षक एवढ्यावर टोरांटोच्या धर्तीचे टेबल जिल्ह्याच्या महाविद्यालयातही मांडता येते. यातली दुर्मीळ गोष्ट म्हणजे त्या परीक्षकांची एक दुपार. तीच वाचवण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेतले जात आहे.