भुईवर कधी घ्यायचं

आमच्या माणदेशात माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून उचलून भुईवर घेतात. जमीन शेणानं सारवायची, घोंगडं अंथरायचं, तोंडात तुळशीचं पान आणि पाण्याचा थेंब. घरात वारी असेल तर कुणीतरी हरिपाठ धरतं. हे सगळं पुस्तकांतून पुष्कळ वेळा आलेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला वेगळंच विचारायचंय. "आता घ्या भुईवर," हे म्हणायचं कुणी?

कारण हे म्हणणं सोपं नसतं. भुईवर घेणं म्हणजे आशा सोडली, हे सगळ्यांनी मान्य करणं. जाणाऱ्याला शुद्ध असली तर त्यालाही ते कळतं. लेकरं बाळं रडायला लागतात. एकदा शब्द तोंडातून गेला की परत घेता येत नाही.

मी लहान असताना हा शब्द कुणी एकटा बोलत नसे. भावकीतले दोन-तीन म्हातारे येत. पायाचे तळवे गार पडलेत का बघत, श्वास छातीतून चाललाय का नुसता गळ्यात घुटमळतोय ते बघत. मग अंगणात येऊन तंबाखू मळत बसत. एक म्हणे, "रात्र काढंल." दुसरा म्हणे, "लेक यायची हाय, तवर थांबंल." असं तास दोन तास चाले. मधेच पावसाचं निघे, बैलाचं निघे. शेवटी कधीतरी कुणीतरी म्हणे, "घ्या मग." आणि नेमकं कोण म्हणालं, हे नंतर विचारलं तर कुणाला सांगता येत नसे. आता मला वाटतं, त्या तंबाखूचा आणि त्या गप्पांचा उपयोग हाच होता. शब्द कुणा एकाच्या नावावर चढत नव्हता.

चूकही होई. माझी एक चुलत आजी दोनदा भुईवर घेतली. दुसऱ्या वेळी तोंडात पाणी घातल्यावर तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "म्हस पिळली का?" पुढं ती सात वर्षं जगली. "घ्या मग" म्हणणाऱ्यांतले दोघं तिच्या आधी गेले. त्यांच्या मयताला ती काठी टेकत आवर्जून गेली.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्या अंगणातल्या बैठकीत दोन खोटी नाणी होती. एक म्हणजे पैसा. सांगलीला, मिरजेला न्यायचं तर गाडीभाडं कुठनं आणायचं, हे कुणी बोलून दाखवत नसे. "देवानं बोलावलंय" असं म्हटलं की तो प्रश्न झाकून जाई. त्यातली किती माणसं वाचली असती, याचा हिशेब कुणी मांडला नाही. दुसरं म्हणजे बाया. महिना महिना जिनं हागणंमुतणं काढलं, अंग पुसलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीत चारदा कूस बदलली, त्या सुनेला त्या बैठकीत कुणी विचारत नसे. ती आत चुलीपाशी. चहा ठेव म्हणून तिला हाक यायची, तेवढीच.

जाणाऱ्यालाही विचारत नसत. पण काही म्हातारी माणसं आपलं आपण ठरवत, ते मी पाहिलंय. जेवण कमी होई, मग नुसती पेज, मग तीही नको. "आता नगं," एवढंच. घरची दोन दिवस आग्रह करत, मग सोडून देत. याला कुणी आत्महत्या म्हणत नव्हतं आणि कुणी व्रतही म्हणत नव्हतं. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. 15 तारखेला, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पारावर रेडिओभोवती माणसं जमलेली. त्यांच्याजवळच्या लोकांनी, डॉक्टरांनी विनवण्या केल्या, तरी ते ऐकले नाहीत, अशी चर्चा चाललेली. एक म्हातारा म्हणाला, "त्यात काय नवल? माझ्या बानं असंच केलं." मला तेव्हा ते उद्धटपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही. विनोबांचा शब्द मोठा होता म्हणून लोकांनी तो मोडला नाही. आज साध्या म्हाताऱ्यानं "नगं" म्हटलं की पोरं त्याला गाडीत घालतात आणि संध्याकाळपर्यंत हाताला सलाईन लागलेलं असतं. पोरांचं तरी काय चुकलं? न नेलं तर गाव म्हणेल, बापाला उपाशी मारलं.

आता बैठक अंगणात नसते. ती दवाखान्याच्या जिन्यात असते, आणि तंबाखू मळायला वेळ नसतो.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, गेला तेव्हाचं सांगतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा. जन्मभर विडी ओढलेली, फुफ्फुसं भाता फाटल्यासारखी झालेली. त्या वर्षात तिसऱ्यांदा जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात ठेवला होता. तोंडावर घट्ट मास्क, त्यातनं मशीन हवा ढकलतंय. तो मास्क ओढून काढायचा म्हणून त्याचे हात पट्टीनं कॉटला बांधलेले. आत एकावेळी एकाच माणसाला सोडत, दहा मिनिटं. वहिनी नऊ दिवस जिन्यात बसून होत्या.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. माणूस भला होता, घाईत होता. म्हणाला, मास्कवर भागत नाही, गळ्यात नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. त्यातनं परत बाहेर येतील याची आशा कमी आहे. नळी घालायची नसेल तर तसं लिहून द्या, घरी न्यायचं असेल तर तसं लिहून द्या. तासाभरात सांगा. आणि एक कागद पुढं सरकवला. खाली छापलेलं, नातेवाइकाची सही. एकच ओळ, एकाच सहीपुरती.

पुतण्या पुण्याहून फोनवर होता. "काका, पैशाचा विचार करू नका. घाला नळी." त्याच्या मित्राचे वडील व्हेंटिलेटरवरून उठून घरी आले होते, हे त्यानं पाहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण त्या माणसाला झाला होता न्यूमोनिया, आधी फुफ्फुसं धडधाकट होती. हा फरक फोनवर समजावता येईना. दोघी बहिणी रडायला लागल्या. धाकटा म्हणाला, "तुम्ही ठरवा, मी हाय मागं." मागं राहायला सगळेच तयार असतात.

मी वहिनींपाशी जाऊन बसलो. त्यांना अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. म्हटलं, "वहिनी, तुमचं काय म्हणणं?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काल आत गेले तर त्यांनी बोटानं दाराकडं दाखवलं. मी म्हटलं, घरी? तर मान हालवली. मी कुणाला बोलले न्हाय. मला वाटलं, तुम्ही म्हणाल हिला सेवेचा कंटाळा आला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. चाळीस वर्षं संसार केलेली बाई, नवऱ्याची शेवटची इच्छा तिला एकटीलाच ठाऊक, आणि ती बोलायला भ्यायली. सेवा करणाऱ्यानं "पुरे" म्हटलं की त्यात त्याचा स्वार्थ दिसतो. लांबून फोन करणाऱ्यानं "काय वाटेल ते करा" म्हटलं की त्यात माया दिसते. मला हे मोजमाप उलटं वाटतं. जवळ असणाऱ्याला दुखणं दिसतं. लांबच्याला स्वतःचं लांब असणं टोचत असतं, आणि ती टोचणी तो इलाजावर खर्च करतो. पुतण्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालय एकदा बोललं आहे. अरुणा शानभाग ही मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स. 1973 साली तिच्यावर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. 2015 साली न्यूमोनियानं गेली. तोवर बेचाळीस वर्षं तिथल्या नर्सांनी तिला सांभाळलं. तिला यातून सोडवा, असा अर्ज तिच्यावर पुस्तक लिहिलेल्या एका बाईंनी केला होता. 2011 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की तिच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या लोकांचा, कारण वर्षानुवर्षं तिचं सगळं त्यांनी केलंय. आणि त्या नर्सांना ती जगायला हवी होती. न्यायालयानं त्यांचं ऐकलं. म्हणजे सेवा करणारा नेहमी "सोडा"च म्हणतो असं नाही. वहिनींचं म्हणणं एक होतं, त्या नर्सांचं दुसरं. पण आधी कुणाला विचारायचं, ते मला त्या निकालातनं नीट कळलं.

दवाखान्यात मग आम्ही एक केलं. फोन स्पीकरवर ठेवला आणि वहिनींना म्हटलं, आता पोराला तुम्ही सांगा. त्यांनी दाराकडं दाखवलेल्या बोटाचं सांगितलं. पुतण्या गप्प झाला. मग म्हणाला, "मी निघतो." कागदावर पहिली सही वहिनींची झाली, मग माझी, धाकट्याची, दोघी बहिणींची. काउंटरवरची मुलगी म्हणाली, एकाचीच चालते. म्हटलं, ताई, चालू द्या की पाच. जागा नव्हती म्हणून समासात केल्या.

दादा घरी अडीच दिवस होता. ऑक्सिजनचं नळकांडं भाड्यानं आणलं होतं. घरचं मरण गोड असतं असं जे लिहितात, त्यांनी दम लागलेला माणूस पाहिला नसावा. पहिला दिवस बरा गेला. त्यानं वहिनींच्या हातचं चमचाभर ताक घेतलं, शेळी कुठं बांधलीय ते विचारलं, नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या रात्री दोन वाजता त्याचा जीव असा कासावीस झाला की पुतण्यानं ॲम्ब्युलन्सचा नंबर काढला. मीही त्याला अडवलं नसतं. बहीण म्हणाली, "न्या रे, बघवत न्हाय." वहिनींनी दादाला पाठीमागनं टेकू देऊन बसतं केलं, खिडकी उघडली, पदरानं वारा घातला आणि त्याच्या कानाशी सारखं म्हणत राहिल्या, "हाय मी. हाय मी." तासाभरानं जरा निवला. नळकांडं काढायचं का ठेवायचं, भुईवर घ्यायचं का नाही, हे आम्ही पहाटे अंगणात बसून ठरवलं. यावेळी वहिनी आत नव्हत्या, बाहेर होत्या.

अशा दमाला मॉर्फिनच्या थोड्या मात्रेनं उतार पडतो, हे मला नंतर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आमच्याकडं ते औषध सहज मिळत नाही. केरळात ग्रामपंचायतीमार्फत नर्स घरी येते, बरं न होणाऱ्या माणसाची जखम धुते, दुखण्याचं औषध बघते, घरच्यांना कसं उचलायचं ते शिकवते. 2008 साली तिथल्या सरकारनं त्यासाठी धोरणच केलं. आमच्या गावात पंचायतीनं स्मशानभूमीला पत्रा घातला, तेही चांगलंच केलं. पण मरणानंतरची सोय झाली. मरणाआधीच्या त्या रात्रीची व्हायची आहे.

आता माझं. मी सहासष्टचा आहे, साखर आहे, बाकी ठीक. पेपरात वाचलं की शेवटच्या आजारात मशीन लावू नका असं माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. 2023 साली ते सोपं केलं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीनं कोण बोलेल त्यांची नावं लिहायची, एकापेक्षा जास्त नावंही चालतात. कागदाची एक प्रत पंचायतीच्या अधिकाऱ्याकडंही ठेवता येते. मी आमच्या ग्रामसेवकाला विचारलं. पोरगा हुशार आहे. तो म्हणाला, "काका, हे कुठल्या नमुन्यात बसवायचं? नमुना 8 ला घर लागतं, माणूस न्हाय." दोघंही हसलो. मग म्हणाला, "वर विचारून सांगतो."

घरी विषय काढला तर बायको ताट सोडून उठली. दोन दिवस बोलली नाही. थोरला म्हणाला, "हे अशुभ आत्ताच कशाला?" धाकटा म्हणाला, "तुमचं तुम्ही लिहा, पण माझं नाव घालू नका. उद्या मीच मारलं असं व्हायला नको." मी त्याला म्हटलं, म्हणूनच सगळ्यांची घालतोय. तुझं, थोरल्याचं, आईचं आणि सूनबाईचं. सूनबाईचं नाव ऐकून दोघांनी माना वर केल्या.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मामा, माझं नाव घाला, माझी हरकत न्हाय. पण दादामामांना त्या रात्री लागला तसा दम तुम्हाला लागला, तर मी नेमकं काय करायचं, ते बी त्यात लिवा. मशीन नको, एवढंच लिवून मला तिथं एकटीला सोडू नका."

ते कसं लिहायचं, ते मला दहावीच्या शिक्षणावर जमण्यासारखं नाही. त्या डॉक्टरीणबाईंना विचारून लिहायचं ठरलंय. बायकोही येते म्हणाली आहे, पण सही करीन असं अजून म्हणालेली नाही. ज्वारीची काढणी उरकली की तिघं मिळून जाऊ.