दोडक्याच्या शिरा

भाजी घेताना आपण तिच्याकडे विळीच्या नजरेनं पाहतो. भेंडीचं टोक मोडून ती कोवळी आहे का बघायचं, वांग्याला कीड लागल्याचं भोक नाही ना तपासायचं, की गेली पिशवीत. तीच भाजी समोर ठेवून चित्र काढायला बसलं, की ही सगळी पारख बिनकामाची ठरते.

दोडकाच घ्या. त्याला शिरा दहा. वर्षानुवर्षं त्या तासून चटणी करणाऱ्यालाही हा आकडा चटकन सांगता यायचा नाही. बरं, आकडा कळला म्हणून चित्र साधतं असंही नाही. एका बाजूनं दिसतात त्या साधारण पाच, आणि त्याही सारख्या अंतरावर नाहीत. मधल्या शिरांमध्ये ऐसपैस जागा. कडेला जावं तशा त्या एकमेकींना खेटत जातात. हात मात्र समान अंतरावर रेघा ओढायला उतावळा. तशा ओढल्या की दोडक्याची पट्टी होते. अंतर जसं दिसतं तसं ठेवलं, तर शेडिंगचा एक फराटाही न मारता तो गोल वाटायला लागतो.

वांग्याला शिरा नाहीत, तिथे सगळी भिस्त उजेडावर. सर्वांत गडद जांभळा भाग अगदी कडेला नसतो, किंचित आत असतो. कडेवर खालच्या कागदाचा उजेड परतून आलेला असतो. चकाकणारा पांढरा ठिपका म्हणजे खोलीतली खिडकी. निरखून पाहिलं तर तिचे गजसुद्धा दिसतात. देठाच्या काटेरी टोपीला लागून साल बहुधा फिकी असते, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे कितीतरी शाळकरी मुलं वस्तुचित्र काढतात. तयारी मात्र पुष्कळदा उलटी होते. चकाकी कुठे सोडायची, सावली कुठे टाकायची, हे आधीच पाठ. मग समोर वांगं असो की तांब्या, ठिपका त्याच जागी! स्मरणचित्राचा पेपर वेगळा असतो, पाठांतर तिथे खपवावं.

सकाळी बसायचं तर पालेभाजी आधी घ्यावी. मेथी बघता बघता मान टाकते, बटाटा आठवडाभर थांबतो. वांगं कापून आतल्या बिया काढायच्या असतील, तर रंग आधी कालवून ठेवावेत, कारण काप लगेच काळा पडू लागतो. आणि उरलेल्या अर्ध्याचं काय, हे स्वयंपाकघरात आधीच विचारून घ्यावं.