काहीच न लागणारा पाहुणा

अंधेरी-बोरिवलीकडून भाड्याची कॅराव्हॅन घेऊन निघालेले कुटुंब कसारा घाट चढून घोटी, भंडारदऱ्यावरून साम्रदला पोचते, तेव्हा संध्याकाळ झालेली असते. गावापुढे सांदणची घळ आहे. कातळ दुभंगून झालेली ही अरुंद दरी दोन्ही बाजूंनी उंच भिंतींत कोंडलेली आहे. आत पाण्याचे दोन डोह लागतात आणि तळाशी ऊन जेमतेम पोचते. दरी उद्या सकाळी पाहायची असते. आजचा प्रश्न गाडी लावण्याचा आहे. गावाबाहेर, घळीकडच्या मोकळ्या माळावर एकांतात लावावी, की गावात कुणाच्या तरी अंगणात पैसे मोजून? प्रश्न पार्किंगचा दिसतो, पण दुसऱ्याच्या गावात आपण कोण म्हणून जातो, हे त्यातून ठरते.

गाडीवाल्याची बाजू आधी ऐकू, कारण ती लेचीपेची नाही. तो म्हणेल, "आमचा गावाला त्रास काय? झोपायला गाडीत पलंग आहे, शिजवायला गॅस आहे, संडास आहे, टाकीत पाणी आहे. आम्ही कुणाकडे तांब्याभर पाणीही मागत नाही. हॉटेल बांधले की झाडे तुटतात, बोअर खोदली जाते. आम्ही सकाळी निघून गेलो की मागे चाकाचा ठसा तेवढा राहतो. काहीच न लागणारा पाहुणा यापरता चांगला कोणता?" हॉटेलबद्दल तो बोलतो ते खरे आहे. भंडारदऱ्याच्या तलावाकाठी वाढत जाणाऱ्या बांधकामापेक्षा चाकांवरची खोली बरी, हे मान्य करायला हवे. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामागेही पक्के बांधकाम न करता आडवाटेला पर्यटक न्यावा असाच विचार होता.

पण 'काहीच लागत नाही' हे विधान तपासून पाहू. अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये नळ सोडला की पाणी येते आणि साखळी ओढली की जाते. येते ते भांडुपसारख्या केंद्रात शुद्ध होऊन, जाते ते वर्सोवा, मालाड, घाटकोपरच्या मलप्रक्रिया केंद्रांकडे. या यंत्रणा उपनगरातल्या माणसाच्या नजरेसही पडत नाहीत, म्हणून आपले घर आपल्या चार भिंतींत पुरे आहे असे त्याला वाटते. कॅराव्हॅनमध्ये त्या चार भिंती तेवढ्या बरोबर येतात. भांडुप आणि वर्सोवा मागेच राहतात. भांडी घासलेले साबणाचे पाणी, आंघोळीचे पाणी, संडासची पेटी हे सगळे कुठेतरी रिकामे करावेच लागते. धोरणातल्या कॅराव्हॅन पार्कमध्ये पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय अपेक्षित आहे ती एवढ्यासाठीच. माळावर ती नसते. तिथे नळी सोडली की उतार पाणी ओढ्याकडे नेतो आणि ओढा घळीतल्या डोहाकडे. म्हणजे हा पाहुणा घेत काही नसला तरी देऊन मात्र जातो.

"आम्ही तसे करणारच नाही," गाडीवाला म्हणेल, "टाकी भरलेलीच परत नेऊ. मग तर झाले?" नेली तर उत्तमच. पण समजा हा माणूस शंभर टक्के शिस्तीचा आहे. तरीही माझा आक्षेप उरतोच, आणि तो स्वच्छतेचा नाही. गाडी कसाऱ्याकडे जाते ती शहापूर तालुक्यातून. भातसा धरण याच तालुक्यात आहे. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा तिथून येतो आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. तेव्हा टाकीत घरून भरून आणलेले पाणीही कुणाचे तरी होतेच. दूरच्या गावाचे घेतलेले दिसत नाही, म्हणून घेतलेच नाही असे वाटणे ही शहरी सवय आहे. आपल्याला कुणाचे काही लागत नाही हा कॅराव्हॅनचा अभिमान त्या सवयीतूनच येतो. अशा माणसाचा गावाशी संबंध उरतो तो फक्त देखावा पाहण्यापुरता.

यावर एक आक्षेप राहतो, आणि तो मला सगळ्यांत जड वाटतो. "वन-बीएचकेत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, लोकलमध्ये दुसऱ्याचा श्वास घेणाऱ्या माणसाला वर्षातून एक रात्र कुणीही नसलेली जागा हवी असते. अंगणात गाडी लावली की पुन्हा शेजार आला, पोरे डोकावू लागली, दर आला, पावती आली. शिवाय पैशाची चटक लागली की गावाचेही पार्किंग होते." यातला दुसरा भाग खरा आहे. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याच्या रस्त्यावर लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या की पैशाने गाव सुधारतेच असे कुणी म्हणणार नाही. पहिला भाग मात्र मला पटत नाही. माळ रिकामा दिसतो तो आपल्याला. साम्रदच्या महादेव कोळी आणि ठाकर घरांसाठी ती गुरे चारायची, सरपण आणायची जागा आहे. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून वनखात्यालाही विचारायला हवे. पण खाते नसते तरी गावाला विचारावेच लागले असते. एकांत हवा असणे गैर नाही. दुसऱ्याच्या वावरातला एकांत त्याला न विचारता घेणे गैर आहे.

शिवाय एक गोष्ट कोणत्याही टाकीत भरून नेता येत नाही, ती म्हणजे त्या दरीची माहिती. वर डोंगरावर पाऊस झाला की घळीत लोंढा येतो, आणि आत असलेल्याला दोन्ही भिंतींमधून चढून बाहेर पडायला जागा नसते. दुसऱ्या डोहात पाणी कमरेपर्यंत आहे की छातीपर्यंत, हे फोनवरचा नकाशा सांगत नाही; आदल्या दिवशी उतरलेला गावकरी सांगतो. ज्याच्या अंगणात गाडी लावली, ज्याच्या घरची भाकरी खाल्ली, तो हे न विचारताही सांगतो.

तेव्हा साम्रदला जाल तर गाडी गावात लावा, एक वेळचे जेवण तरी गावातल्या घरी सांगा आणि सांडपाण्याची टाकी भरलेलीच मुंबईला आणा. आणि पावसाळ्यात गावकरी नको म्हणाले, तर दरीत उतरू नका.