सत्तावन्न किलोचा पैलवान

पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्याच शहरात झाली होती, हे संभाजीनगरात आता फारसं कुणाच्या ध्यानात नाही. साल १९६१. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. त्याआधी नऊ वर्षं खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणलं होतं, आणि पहिल्या केसरीच्या पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर सुवर्ण घेऊन आले. इतक्या तालेवार सुरुवातीनंतर आज हिशेब मांडला तर खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिम्पिक पदक नाही.

कारणं विचारा, लगेच मिळतात. हरियाणात पैसा आहे, आमच्याकडे राजकारण आहे, पोरं मोबाइलमध्ये घुसलीत, खुराक परवडत नाही. यातलं काही खोटं नाही. पण एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे तारे तयार होत नाहीत म्हणावं, तर दरवर्षी एक होतोच. हलगी-तुतारीच्या गजरात त्याच्या खांद्यावर गदा येते, जीपमधून मिरवणूक निघते, चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. पुढच्या वर्षी फ्लेक्स बदलतो. सलग तीन वर्षं टिकलेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांच्यासारखे विरळाच. गदा जिंकली की जत्रांच्या मैदानांत भाव वाढतो, नशीब असेल तर पोलिसात मोठी नोकरी मिळते, आणि घरच्यांच्या दृष्टीनं पोराचं सार्थक झालेलं असतं. त्यात वावगं काय? ज्यानं दहा-बारा वर्षं तालमीत घाम गाळला, त्याला पुढचं शिखर दिसावं अशी व्यवस्थाच आपण ठेवलेली नाही.

माझ्या मते खरी मेख वजनात आहे. स्पर्धेत वजनगटांच्या कुस्त्याही होतात, पदकंही मिळतात. पण केसरीचा किताब खेळला जातो तो ८६ ते १२५ किलोच्या गटात. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता भिडतात, टीव्हीवर तीच कुस्ती दिसते, पुढारी तेवढ्यापुरतेच येतात. आता दुसरी यादी बघा. सुशीलकुमारची दोन्ही पदकं ६६ किलोत. योगेश्वर दत्त ६०. बजरंग ६५. रवी दहिया ५७. पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकणारा अमन सेहरावतही ५७. भारताच्या पुरुष मल्लांचं एकही ऑलिम्पिक पदक ६६ किलोच्या वर नाही. आणि ज्यांच्या नावानं आपण ऊर फुगवतो ते खाशाबा? तेही ५७ किलोच्याच गटात लढले होते. म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या मल्लाला आपल्या सगळ्यात मोठ्या किताबासाठी आज मैदानातच उतरता आलं नसतं.

जड अंगाचं हे वेड मुळात चुकीचं नव्हतं. माने आणि आंदळकर भारी वजनातच आशियात जिंकले. कोल्हापुरातल्या खासबागेच्या मातीवर दोन धिप्पाड जोडीदार भिडले की लाखमोलाची कुस्ती व्हायची, आणि लोक बैलगाड्या जुंपून यायचे ते त्यासाठीच. पुढं इराणी आणि रशियन मल्लांनी भारी गटांत जी तयारी केली, तिच्या जवळपासही आपण पोचलो नाही. मात्र तोलायचा काटा तोच राहिला.

नव्वदीत वाढलेल्या प्रत्येकानं डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी नाटकी कुस्तीचे पत्ते खेळलेत. उंची, वजन, छाती, दंड. एखादा धिप्पाड मल्ल हातात आला की डोळे झाकून ‘वजन’ म्हणायचं आणि समोरच्याचा पत्ता ओढायचा. त्या कार्डांवर डावाला रकानाच नव्हता. ढाक, घिस्सा, एकलंगी, भारंदाज यांची जिथं पिढ्यान्‌पिढ्या मशागत झाली, त्या महाराष्ट्रानं आपला सर्वोच्च मल्ल निवडायला पोरांच्या पत्त्यांचाच नियम लावावा, याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते.

त्या अमेरिकी तमाशातही नव्या ताऱ्यांचा दुष्काळ पडला होता, पण रोग उलटा. तिथं निकाल कागदावर लिहिलेले. मनात आणलं तर उद्याचा तारा बसल्या जागी घडवता आला असता. तरी २०१७ मध्ये त्यांनी केविन ओवेन्स या चालू विजेत्याला पन्नाशीच्या गोल्डबर्गकडून अर्ध्या मिनिटाच्या आत हरवलं, कारण तिकीट जुन्या नावावर खपत होतं. तिथं म्हातारे पट्टा सोडत नव्हते. आपल्याकडे गदा इतक्या घाईनं हात बदलते की नाव तोंडात बसेपर्यंत दुसरं आलेलं असतं. त्यातही २०२३ चा नोव्हेंबर आठवा. कुस्तीगीर परिषदेतल्या भांडणापायी एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला अंतिम फेरीत हरवलं, आणि थोड्याच दिवसांत धाराशिवला तोच राक्षे दुसऱ्या स्पर्धेचा केसरी झाला. दोघांचाही दोष नाही. पण लहान पोरानं भिंतीवर फोटो कुणाचा लावायचा?

मराठवाड्याला तर वजनाचं हे वेड जास्तच जिव्हारी लागतं. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९६९ ला लातूरच्याच मैदानात केसरी झाले. त्यांचं नाव आजही घराघरात आहे, ते योग्यच. बीड जिल्ह्यातला राहुल आवारे त्यांचाच पठ्ठ्या, पुढं पुण्यात काका पवारांकडे तयार झालेला. त्यानं २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, गट ५७ किलो. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य, ६१ किलोत. आणि हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. ऑलिम्पिकचं दार त्याला कधी उघडलंच नाही. जगात तिसरा आलेला हा मल्ल आपल्या शहरातल्या गुलमंडीवरून चालत गेला तर किती जण वळून बघतील? गदावाल्याभोवती मात्र सेल्फीला झुंबड उडेल.

हलक्या वजनालाही मानाची जागा द्या म्हटलं की जत्रा कमिटीचं उत्तर ठरलेलं असतं: शेवटची कुस्ती हलक्या जोडीची लावली तर लोक उठून जातील, इनाम कोण देणार? मला हे पटत नाही. कुठल्याही जत्रेत दुपारपासून बसून बघा. रेवड्यांच्या कुस्त्या संपून तरण्या पोरांच्या जोड्या लागतात तेव्हा फेटे उडतात, शिट्ट्या वाजतात, एखादा म्हातारा उठून शंभराची नोट पोराच्या हातात कोंबतो. दिवेलागणीला मानाची जोड येते. पंधरा-वीस मिनिटं मान-मनगट धरून ढकलाढकली चालते, पंच दोघांना मध्ये आणतात, निवेदक पूर्वजांची नावं घेत वेळ मारून नेतो, आणि पुष्कळदा कुस्ती बरोबरीत सोडवून इनाम दोघांत वाटतात. उठून जाणारे लोक त्या वेळी जातात, आणि ज्याच्यासाठी ते दिवसभर बसले होते तो हलक्या वजनाचा पोरगा तोवर लंगोट बदलून एसटीच्या फलाटावर पोचलेला असतो.